मागे आहे

१

रविवारच्या सायकलफेरीत सगळ्यांच्या शेवटी निघायचं हे आमचं ठरलेलं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, सेल्सोचं. आमची जोडसायकल आहे. सीट दोन, हँडल दोन, पण दोघांची पेडलं एकमेकांना चेननं बांधलेली. मी पुढे, तो मागे. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरतोच, मनात असो वा नसो.

सेल्सोला दिसत नाही. साखरेनं त्याचे डोळे नेले. त्यानंतर दोन हिवाळे तो स्वयंपाकघरात चुलीजवळच्या खुर्चीत बसून होता. लोकर कातरण्यात ज्याचा हात धरणारा अख्ख्या खोऱ्यात कुणी नव्हता, तो माणूस दिवसभर रेडिओचं बटण फिरवायचा आणि कुठलंच स्टेशन ऐकायचा नाही. मी सायकली दुरुस्त करते. मला दुसरं काय सुचणार? दोन मोडक्या सायकली कापून मी ही एक केली आणि त्याला दंडाला धरून तिच्यावर बसवलं. पहिल्याच उताराला तो जो काही हसला, ते ऐकून मी हँडल धरून रडले. तो पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसू नये, एवढंच मला हवं आहे. बाकी देवाकडे माझं काही मागणं नाही.

गावामागच्या माळावर तीन वाटा आहेत, दगडांना रंग मारून दाखवलेल्या. काळी वाट कड्यावरून उतरते. तिच्यावर तरणी पोरं हाडं मोडून घ्यायला जातात. निळी मधली. हिरवी रुंद आहे, तिच्यावर कुणीही यावं. लेकरं येतात, माझ्यासारख्या गुडघे धरलेल्या बायका येतात, आणि ऑल्वेनबाई येतात. ऑल्वेनबाई शाळेत शिकवायच्या. पाय लुळे पडल्यापासून हातानं फिरवायची तीनचाकी चालवतात, आणि जिभेचा धाक अजून तोच.

जाताना आम्ही खडीच्या रस्त्यानं वर जातो आणि येताना हिरव्या वाटेनं खाली येतो. माळ मोकळा दिसतो, पण तो मेंढ्यांच्या मालकांचा आहे. वाटेत तारेची कुंपणं आणि तीन फाटकं: वरचं, मधलं आणि गावाजवळचं. मालकांची अट एकच, फाटक उघडं राहता कामा नये. एका कुरणातले मेंढे दुसरीकडे शिरले की त्यांचं वर्षभराचं गणित बिघडतं आणि मग ते बंदूक घेऊनच बोलायला येतात.

म्हणून जो फाटकातून जातो तो फाटक धरणाऱ्याला ओरडून सांगतो, "मागे आहे!" ते ऐकलं की धरणाऱ्यानं फाटक सोडायचं नाही, मग धुळीत कुणी दिसो न दिसो. शेवटचा माणूस म्हणतो, "बंद!" आणि मगच फाटक लागतं. ही रीत सायकलींच्या आधीची, मेंढपाळांची. इथला वारा धूळ उठवतो तेव्हा स्वतःचा हात दिसत नाही. ओरडून सांगितलेल्या शब्दावर भरवसा ठेवावाच लागतो. आमच्याकडे मेंढीचोराला एखादे वेळी माफी मिळेल. "मागे आहे" ऐकूनही फाटक लावणाऱ्याशी कुणी बोलत नाही.

जोडसायकलीचा शब्द मागच्यानं द्यायचा. त्यामुळे "बंद" म्हणायचा मान सेल्सोचा. "मी सगळ्यांच्या मागे, ड्रायव्हरबाई," तो म्हणायचा, "आणि माझ्या मागे फक्त तुझ्या स्वयंपाकाचा वास."

मार्चमधल्या त्या रविवारी वरच्या फाटकावर ऑल्वेनबाई होत्या. त्यांची तीनचाकी पडत नाही, म्हणून फाटक नेहमी त्याच धरतात आणि ते लागलं की पुन्हा आमच्या पुढे निघतात. आम्ही आत शिरलो आणि सेल्सो म्हणाला, "मागे आहे!"

मी ब्रेक दाबला. मागे वळून पाहिलं. पिवळं गवत, वाट, आणि त्यापलीकडे डोंगर. कुणी नव्हतं.

"कोण आहे रे?"

"आहे कुणीतरी. चेनचा आवाज येतोय. कोरडी चेन आहे, करकरतेय."

"सेल्सो, हात दुखतात माझे," ऑल्वेनबाई म्हणाल्या. "चेष्टा असेल तर लवकर आटप."

"बाई, फाटकावर चेष्टा करेन का मी?"

ते खरं होतं. फाटकावर कुणी चेष्टा करत नाही. म्हणून ऑल्वेनबाईंनी फाटक धरून ठेवलं आणि आम्ही बराच वेळ त्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिलो. शेवटी सेल्सो मान वाकडी करून ऐकत म्हणाला, "थांबला वाटतं." मग मी स्वतः उतरून फाटक लावलं आणि तार पिळली. मनाशी म्हटलं, वाऱ्यात माणसाला काय वाट्टेल ते ऐकू येतं.

२

सोमवारी मी आमचीच चेन काढून धुतली. दुसऱ्याची कसली, आपलीच वाजत असणार. जोडसायकलीत चेन लांब असते, ती ताणून धरणारी मधली चक्री झिजली की कुरकुरते. चक्री बदलली, तेल घातलं, पेडल हातानं फिरवून कान लावला. काही आवाज नाही.

"बघ," मी सेल्सोला म्हटलं, "गेलं तुझं भूत."

"ती आपली नव्हती ताई. आपली चेन मला पाठ आहे."

संध्याकाळी आम्ही चुलीपाशी येर्बा प्यायला बसलो. तुंब्यात पाला, वर गरम पाणी, आणि एकच नळी. मी भरून द्यायचा, त्यानं ओढून परत करायचा. परत देताना "आभार" म्हटलं की पुरे झालं. न बोलता दिला की पुन्हा भरायचा. हे आमच्याकडे लेकराला चालण्याआधी कळतं. सेल्सो थोडंसंच पितो आणि मग दरवेळी तेच बोलतो. त्या दिवशीही बोलला, "आभार, ड्रायव्हरबाई, पोटात तळं झालं."

मग जरा वेळानं म्हणाला, "माणूस असला तर?"

"कसला माणूस? मी बघितलं ना. तिथे लपायला झुडूपसुद्धा नाही."

"दमलेला वाटत होता."

"आवाजावरून?"

"पाय टाकतो तसं. एक जोर, मग थांबतो. माझं व्हायचं ना तसं, डोळे जायला लागले होते तेव्हा. रस्ता पुढे आहे हे माहीत असायचं, पण पाय उचलायचा नाही."

"मग समोर का नाही येत?"

"मागे राहिलेल्याला समोर यायला वेळ लागतो, ताई."

मला ते बोलणं आवडलं नाही. मी उठले आणि उगाच भांडी आवाज करत घासली. आंधळा माणूस जास्त ऐकतो, खरं आहे, पण नसलेलं ऐकत नाही. नसलेलं ऐकणारा माणूस वेगळा असतो. आमच्या आईचं शेवटी तसंच झालं होतं.

३

पुढच्या रविवारी वरच्या फाटकावर सेल्सोनं मोठ्यानं "बंद!" म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. उतारावर त्यानं एक जुनं गाणंही म्हटलं, तेही बेसूर, म्हणजे सगळं ठीक होतं.

मधल्या फाटकाच्या आधी वारा वाढला. वाटेवरची माती उठून पायांवर सुयांसारखी टोचू लागली. पुढची मंडळी दिसेनाशी झाली; फक्त ऑल्वेनबाईंच्या तीनचाकीवरचं केशरी निशाण दिसत होतं. आम्ही फाटकातून आत गेलो. सेल्सो "बंद!" म्हणाला.

आणि आमच्या मागून कुणीतरी म्हणालं, "मागे आहे."

ओरडून नव्हे. घसा कोरडा पडलेला माणूस दारात उभा राहून पाणी मागेल तितक्याच आवाजात. मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं, आणि ऑल्वेनबाईंनीही ऐकलं, कारण फाटक लावायला पुढे आलेला त्यांचा हात तिथेच थांबला.

"कोण राहिलंय?" त्यांनी मला विचारलं.

"कुणी नाही. आम्ही शेवटचे."

"मग बोललं कोण?"

धुळीत काही दिसत नव्हतं. "कोण आहे?" मी हाक मारली. नुसता वारा. "लावा बाई," मी म्हटलं.

"मी ऐकलंय मिर्ता. ऐकल्यावर मी लावणार नाही, आणि तूही लावणार नाहीस."

असं सांगणाऱ्या बाईंना उलट उत्तर द्यायची माझी अजून टाप नाही. शिवाय त्या बरोबर होत्या. एखादा खराच वाट चुकलेला असला, तर धुळीत त्याला लावलेलं फाटक सापडायचं नाही आणि रात्रभर कुंपणाबाहेर गारठून मरेल. आम्ही थांबलो. ऑल्वेनबाई दोन्ही हातांनी फाटक धरून बसल्या. वाऱ्याचा जोर असूनही फाटक हलत नव्हतं. मग एकदम ते त्यांच्या हातात थरथरलं आणि आतल्या बाजूला झोक गेल्यासारखं झालं, आणि त्या म्हणाल्या, "घासून गेलं काहीतरी."

"मेंढी असेल," मी म्हटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गावाजवळच्या फाटकापर्यंत मी जीव खाऊन पेडल मारलं. तिथे काही झालं नाही. सेल्सोनं "बंद" म्हटलं, ऑल्वेनबाईंनी घाईघाईनं फाटक लावलं, मी तार पिळली आणि पुन्हा पिळली. घरी येऊन दाराला कडी घातली तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आधी वरचं फाटक धरलं. आज मधलं. आम्हीच त्याला एकेक फाटक आत घेत होतो, रीतीप्रमाणे, अदबीनं. आता गाव आणि त्याच्यामध्ये एकच उरलं होतं.

मग मी स्वतःला शिव्या घातल्या. मिर्ता, म्हटलं, मेंढी होती.

४

सोमवारी सेल्सो माझ्याबरोबर सायकलींच्या दुकानात आला नाही. चुलीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. मंगळवारीही तिथेच. रेडिओचं बटण फिरवायला लागला, आणि तो आवाज ऐकून मला ते दोन्ही हिवाळे आठवले. बुधवारी मला राहवेना.

"रविवारी येणारेस ना?"

"नको वाटतं."

"का?"

"तो माझ्याच मागे येतोय ताई. बाकीच्यांना कशाला त्रास?"

गुरुवारी भर दुपारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि सायकल दाराशी आणली. "चल. आज तू आणि मी. दिवसाढवळ्या जाऊन येऊ, मागे कुणी नाही हे तुला दाखवते."

"दाखव," सेल्सो म्हणाला. "मी बघतोच."

तो स्वतःशीच हसला, आणि मला वाटलं, जिंकलं.

वर जाताना ऊन होतं, आभाळ निळंशार. उतरताना वरचं फाटक, मधलं फाटक, काही झालं नाही. दोघंच असलो की मी उतरून फाटक उघडते, तो सायकल ढकलत आत येतो, मी लावते. दोन्हीकडे त्यानं "बंद" म्हटलं. मी गाणं म्हणायला लावलं तर तेही म्हटलं. मधल्या फाटकाच्या खाली आलो आणि पश्चिमेकडून पिवळी भिंत येताना दिसली. असली धूळ अंगावर घ्यायची नसते. वाटेला लागूनच लोकर कातरायचं मोठं पत्र्याचं खोपट आहे. सायकल बाहेर भिंतीला टेकवली, आम्ही आत गेलो आणि मी दाराला आडणा घातला.

सेल्सोचं अर्धं आयुष्य त्या खोपटात गेलं. तो भिंतीला हात लावत थेट आपल्या जागेवर गेला, जिथे त्याचं कातरयंत्र टांगलेलं असायचं, आणि तिथे पत्र्याला पाठ लावून बसला. हंगाम संपलेला, खोपट रिकामं. पण लाकडी जमीन मेंढ्यांच्या अंगच्या तेलानं काळी गुळगुळीत झालेली आणि तो वास तसाच. वाऱ्यानं सगळे पत्रे वाजत होते. एवढ्या गोंगाटात आपल्याला काही ऐकू येणार नाही याचंच मला बरं वाटलं.

आणि वारा मध्येच श्वास घ्यायला थांबावा तसा थांबला, तेव्हा ते ऐकू आलं. टिक, टिक, टिक, टिक. फ्रीव्हील. सायकल हातात धरून चालवत नेली की मागचं चाक असं वाजतं. हा आवाज मी रोज ऐकते, झोपेतही ओळखेन.

"चालत आणतोय," सेल्सो हळूच म्हणाला.

आवाज दारापासून निघाला, डाव्या भिंतीच्या बाहेरून सरकत गेला, कोपऱ्याला मंद झाला, मागच्या भिंतीनं आला. आमचीच सायकल कुणी नेत असेल? पण ती मला फटीतून दिसत होती, आहे तिथेच. टिक, टिक. सेल्सो जिथे पाठ टेकून बसला होता, त्याच्या बरोबर मागे येऊन आवाज थांबला.

सेल्सो वळला आणि त्यानं पत्र्यावर तळवा ठेवला. मला "नको" म्हणायचं होतं. पत्रा त्याच्या तळव्याखाली हळूच आत आला, जेवढा तळवा तेवढाच, आणि तसाच राहिला.

"हात आहे," सेल्सो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याची भीती नसणं मला सहन झालं नाही. मी त्याला मागे ओढलं, एवढ्या जोरात की तो पडला, आणि आडणा काढून बाहेर धावले.

मागच्या भिंतीशी कुणी नव्हतं. मऊ मातीत एक टायरची रेघ होती, खोपटाभोवती फिरलेली. ती कुठून आली ते मी बघितलं. वाटेवरून, आमच्या रेघेच्या वरून, एवढी बरोबर वरून की दोन्ही एकच वाटाव्यात. शेजारी पावलं नव्हती.

५

"ऐक," मी सेल्सोला बसवताना म्हटलं, "फाटकाशी तू काही बोलायचं नाहीस. मी उघडेन, तू आत जा, मी लावेन. कुणी काही म्हटलं तरी लावेन."

"मागे आहे म्हटल्यावर?"

"म्हटल्यावरही."

"ताई, असं करत नाहीत गं."

"माझं ऐक! तू मला हवा आहेस, रीत गेली खड्ड्यात!"

त्यानं हँडल चाचपून धरलं. मग म्हणाला, "बरं, ड्रायव्हरबाई." पुढे घरात तो शब्द ऐकायला मिळणार नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गावाजवळच्या फाटकाशी पोचलो आणि दुसरा लोट आला. मी उतरले, चाचपत तार सोडली, फाटक उघडून त्याला चिकटून उभी राहिले. "ये! माझ्या आवाजाकडे ये!" धुळीनं डोळे मिटले, तोंडात माती गेली. सायकलीचं हँडल माझ्या कमरेला घासून आत गेलं. फ्रीव्हील वाजत गेलं, टिक, टिक. डोळे किलकिले करून पाहिलं तर तो आत पोचला होता, निळं जाकीट, पाठमोरा, सायकल धरून.

"सेल्सो?"

"हं."

"आलास ना?"

"बंद," तो म्हणाला. मी बोलू नको म्हटलं होतं तरी. आवाज कोरडा होता, पण धुळीत कुणाचाही होईल.

आणि बाहेरून, अगदी जवळून, "मागे आहे!"

मी फाटक लोटलं. पूर्ण अंगाचा भार टाकून लोटलं आणि तार पिळली, बोटं कापली तरी पिळत राहिले. बाहेरून पुन्हा काहीतरी आलं. "ता", एवढंच, आणि पुढचं वाऱ्यानं नेलं. बिजागरीचा आवाज असेल. बिजागरी गंजलेली आहे, मला माहीत आहे. मी पळत जाऊन सायकलीवर बसले. मागच्या सीटवर वजन आलं, पेडलं फिरली, आणि आम्ही घरी आलो. मला इतकं हलकं वाटलं की मी हसत होते.

६

सेल्सो आता बरा आहे, असं मी शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं. तो खुर्चीत बसला नाही. बटण फिरवलं नाही. दुकानात येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला. मी वाकले की तो मागे, वळले की तो मागे. आंधळ्या माणसाला कुणाच्या तरी आधारानं राहावं लागतं, यात नवल काय?

संध्याकाळी मी येर्बा केली. तुंबा भरून दिला, त्यानं नळी ओढली, परत दिला. पुन्हा भरला. परत दिला. मी बोलत होते, दुकानातलं, ऑल्वेनबाईंचं, आणि भरत होते. मग माझ्या लक्षात आलं की किटली हलकी झाली आहे. पुन्हा पाणी ठेवलं. तो तुंबा पुढे करून बसला होता. मी भरला. पाल्याची चव कधीच गेली होती, नुसतं गरम पाणी होतं. तो ओढायचा आणि हात पुढे करायचा, काही न बोलता.

"पुरे का?" मी विचारलं.

त्यानं तुंबा पुढे केला.

"सेल्सो, आभार म्हण की."

"कुणाचे?" त्यानं विचारलं.

मी हसले. हसायलाच हवं होतं. किटली उलटी करून दाखवली आणि मग आठवलं की त्याला दिसत नाही. "पाणी संपलं," मी म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. आजार माणसाला बदलतो. धक्का बसलाय त्याला, मी त्याला पाडलं होतं, मी ओरडले होते. ही सगळी कारणं चांगली होती. ती मी एकेक करून स्वतःला सांगितली. भिंतीपलीकडे तो नळी ओढत होता, रिकाम्या तुंब्यातून, तो खुळखुळ आवाज थांबला नाही.

शनिवारी सकाळी जोडसायकलीची चेन पाहिली. मागच्या आठवड्यातच मी तेल घातलेली. तांबडी, कोरडी, आणि हातानं फिरवली तर करकरत होती.

७

रविवारी तो आपणहून सायकलीपाशी उभा होता. ऑल्वेनबाई म्हणाल्या, "सेल्सो किती शांत झालाय. कुणी तोंड शिवलं रे तुझं?" एरवी त्यानं बाईंची फिरकी घेतली असती. त्यानं नुसती मान हलवली आणि बाईंचं हसू मावळलं.

वर गेलो. खाली आलो. वरच्या फाटकावर "बंद", मधल्या फाटकावर "बंद", दोन्हीकडे वेळेवर. चेन करकरत होती. खोपटावरून जाताना मी मान वळवली. गुरुवारी मी उघडं टाकून आलेलं दार आतून लावलेलं होतं, आणि फटीशी काहीतरी निळं हललं, किंवा मला तसं वाटलं. मला थांबायचं होतं. पण माझ्या पायांखालची पेडलं थांबली नाहीत. मागून फिरत होती.

गावाजवळच्या फाटकावर ऑल्वेनबाई होत्या. बाकी मंडळी पुढे गेली होती. वारा नव्हता, पण वाटेवर आमचीच धूळ लोंबकळत होती. आम्ही फाटकाच्या मधोमध आलो.

"बंद," मागची सीट म्हणाली.

बाई फाटक ओढू लागल्या. तेवढ्यात धुळीतून, दूरवरून, घसा खरवडून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हरबाई! मागे आहे! मागे आहे गं!"

माझे हात ब्रेकवर आवळले. बाई थिजल्या. "तो तर सेल्सोचा..." त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा मात्र मी कधी विसरणार नाही. मी वळले नाही. मला वळायचं नव्हतं. मी मान फक्त बाजूला, कुंपणाकडच्या धुळीकडे केली, आणि तिथे तारेच्या कडेनं काहीतरी येत होतं, चालत, अडखळत, तारेवर एक हात सरकवत. दुसरा हात पुढे केलेला, आंधळा माणूस दार चाचपायला करतो तसा.

"बंद," माझ्या मानेजवळ आवाज आला. पेडलं माझ्या पायांखाली जोर करू लागली. गावाकडे, पुढे. ब्रेक करकचून दाबला तरी चाक इंचाइंचानं सरकत होतं. माझी सगळी चांगली कारणं माझ्याजवळ होती. जो मागे बसलाय तो माझा भाऊ असेल, आणि जो येतोय ते दुसरं काही असेल, मला फसवायला माझ्या भावाचा आवाज घेऊन आलेलं. असेलही. पण हाक मारणारा दमलेला होता, आणि मी गुरुवारी त्याच्या तोंडावर फाटक लावलं होतं.

"बंद."

"मिर्ता," ऑल्वेनबाई म्हणाल्या, "शब्द दे काहीतरी. लावू की धरू?"

जोडसायकलीचा शब्द मागच्याचा असतो. पुढचा कधी बोलत नाही. मी दोन्ही पाय पेडलांवरून काढून जमिनीत रोवले, पेडलं पोटऱ्यांवर आपटत राहिली, आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "मागे आहे!"

बाईंनी दोन्ही हातांनी फाटक धरलं. तारेवर सरकणारा हात आता मला स्पष्ट दिसत होता.